सोसायटीच्या एसटीपीचा गाळ मायक्रोवेव्हमध्ये वाळवणे: कोणाला अनुभव आहे का?

धायरीफाटा

नमस्कार मंडळी. विषय जेवायच्या वेळचा नाही, आधीच सांगतो.

आमची सोसायटी २१० फ्लॅटांची. बिल्डरने दिलेला एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, आहे (एमबीबीआर पद्धतीचा, म्हणजे टाकीत फिरणाऱ्या प्लॅस्टिकच्या तुकड्यांवर जिवाणू वाढवतात तो), दिवसाला साधारण एक लाख लिटर सांडपाणी येतं. प्रक्रिया केलेलं पाणी बरं निघतं, बागेला आणि फ्लशला वापरतो. दुखणं आहे ते गाळाचं. आठवड्यातून दोनदा टँकरवाला येऊन पातळ काळा गाळ उपसून नेतो. कुठे नेतो हे विचारायचं धाडस अजून कुणी केलेलं नाही. टँकर येतो त्या दिवशी बी विंगच्या सगळ्या खिडक्या बंद असतात.

गेल्या रविवारी कमिटीपुढे एक गृहस्थ सादरीकरण करून गेले. त्यांचं यंत्र म्हणजे स्टीलचं कपाट, आत मायक्रोवेव्ह, ६ किलोवॅटचा. सकाळी ५०० लिटर गाळ आत ओता, संध्याकाळी कोरडी पावडर काढा, खत म्हणून विका. किंमत साडेअकरा लाख अधिक जीएसटी. हीटरने वाळवायला जेवढी वीज लागते तिच्या पाचव्या हिश्श्यात काम होतं म्हणाले, कारण मायक्रोवेव्ह 'थेट पाण्याच्या रेणूला हलवतो, भांडं तापवण्यात वीज घालवत नाही'. चेअरमनसाहेब भारावलेत. पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे आणि ठराव मांडायचं माझ्या गळ्यात पडलंय. मी सेक्रेटरी, पण माणूस कॉमर्सचा. यात पाणी कुठे मुरतंय का, एवढंच कळून घ्यायचं आहे.

दालफेकू

पाणी मुरतंय कुठे काका, त्याचीच तर वाफ करून देणार आहेत साडेअकरा लाखांत.

सुगरणीची_सून

ई! त्याच मायक्रोवेव्हमध्ये कोणी चहा गरम करणार नाही ना? बाकी वाचते आहे. आमच्याकडेही टँकरच येतो.

वाफाळलेला

केमिकल इंजिनिअर आहे, वीस वर्षं ड्रायर आणि इव्हॅपोरेटर यांच्यातच गेली. साधा हिशेब मांडतो, तो तुम्ही सभेत जसाच्या तसा वाचून दाखवा.

एक लिटर पाणी २५ अंशांवरून १०० पर्यंत न्यायला ३१४ किलोज्यूल लागतात. तिथून त्याची वाफ करायला आणखी २२५७. बेरीज २५७१ किलोज्यूल, म्हणजे जवळपास ०.७१ युनिट वीज. हे निसर्गाचं दरपत्रक आहे. गॅस लावा, हीटर लावा, मायक्रोवेव्ह लावा, यात घासाघीस नाही. सावकाराची ही मुद्दल. यंत्र चांगलं असेल तर फार तर व्याज कमी होईल.

आता तुमच्या गृहस्थांचं ५०० लिटर. एसटीपीतून निघणाऱ्या पातळ गाळात घन पदार्थ असतात १ टक्क्याच्या आसपास. म्हणजे ५०० लिटरमध्ये ५ किलो माल आणि ४९५ लिटर पाणी. वाफ करायला पाण्यात ३५० युनिट शिरली पाहिजेत. ६ किलोवॅटचं यंत्र रात्रंदिवस चोवीस तास चालवलं तरी १४४ युनिट होतात. संध्याकाळी पावडर निघते ती कशी, हे त्यांनाच विचारा.

शिवाय मीटरवर दिसणारी सगळी वीज मायक्रोवेव्ह होत नाही. आतला मॅग्नेट्रॉन, म्हणजे लहरी तयार करणारी नळी, २४५० मेगाहर्ट्‌झचा असेल तर साठ-सत्तर टक्केच वीज लहरींत बदलतो, बाकीची त्याचा पंखा आणि पत्रे तापवण्यात जाते. कारखान्यातले मोठे ९१५ मेगाहर्ट्‌झवाले ऐंशीच्या पुढे जातात, पण ते सोसायटीच्या तळघरात मावायचे नाहीत. तेव्हा ३५० चे झाले ५४० युनिट. तुमचा रोजचा सगळा गाळ धरला, तो हजार लिटर तरी असेल, तर १०८० युनिट. कॉमन मीटरचा दर दहा रुपये धरा आणि चेअरमनसाहेबांना खुर्चीवर बसवून मगच आकडा सांगा.

दालफेकू

दिवसाला दहा हजार आठशे. खत कितीला विकायचं ठरलंय? केशर पिकतंय का त्यावर?

सुगरणीची_सून

@वाफाळलेला, हिशेब पटला पण खात्री करून बघायची सवय. आत्ता स्वयंपाकघरात प्रयोग केला. २०० ग्रॅम पाणी, वाडगा वजनकाट्यावर तोलून घेतला, ८०० वॅटवर बरोब्बर पाच मिनिटं. बाहेर काढलं तेव्हा १३५ ग्रॅम उरलं. प्लगला लावायचं छोटं मीटर आहे आमच्याकडे, त्यावर साडेबाराशे वॅट दिसत होते. सासूबाई विचारतायत काय शिजतंय.

वाफाळलेला

शाब्बास! तुमच्या आकड्यांवरून: पाणी उकळीला आणायला ६१ किलोज्यूल, ६५ ग्रॅमची वाफ करायला १४७, मिळून २०८. मीटरने घेतली ३७५. म्हणजे ५५ टक्के कामाला आली. घरगुती ओव्हनच्या मानाने हे चांगलंच म्हणायचं. पण 'पाचव्या हिश्श्यात' खरं असतं तर तुमचा वाडगा कोरडा पडला असता.

मैलामास्तर

सतरा वर्षं एसटीपी चालवतोय, पिंपरी-चिंचवडपासून खाली कोल्हापूरपर्यंत. वाफाळलेल्या साहेबांचं गणित बरोबर आहे, पण मला सेक्रेटरीसाहेबांना वेगळंच विचारायचंय. तुमच्याकडे फिल्टर प्रेस, म्हणजे गाळ कापडातून दाबून पाणी काढणारं यंत्र, आहे का? बिल्डरने एसटीपी दिला म्हणजे तीसुद्धा दिलेली असणार. आणि असेल तर शेवटची कधी चालली?

धायरीफाटा

आहे. हिरव्या रंगाची, पाट एकाला एक लावून ठेवल्यासारखी. ऑपरेटर म्हणाला 'कापड फाटलंय साहेब, दोन वर्षं झाली'. सध्या तिच्यावर तो जेवणाचा डबा ठेवतो.

मैलामास्तर

सापडलं बघा दुखणं.

१ टक्क्याचा गाळ हजार लिटर, म्हणजे १० किलो कोरडा माल. तो प्रेसमधून काढला की २० टक्के घन असलेली केक, म्हणजे दाबलेल्या गाळाची वडी, निघते, ५० किलो. साडेनऊशे लिटर पाणी नुसतं दाबून गेलं, पंपाच्या चार-पाच युनिटांत. ते पाणी परत एसटीपीच्या तोंडाला सोडायचं. आधी गाळात पॉली मारायला लागतं, पॉलिइलेक्ट्रोलाइट, म्हणजे गाळ दह्यासारखा फुटतो आणि पाणी सुटतं. पॉली नीट विरघळवून, दोन-तीन डोस बाटलीत करून बघून मग टाकायचं. आमची पोरं मूठभर पावडर सरळ टाकीत फेकतात, त्याचे गोळे होतात, कापडाला चिकटतात आणि मग कापड फाटतं. तुमचं असंच फाटलं असणार. नवीन कापडाचा सेट टँकरच्या काही फेऱ्यांच्या पैशात येईल.

शंकासुर

सगळे हात धुवून बिचाऱ्या मायक्रोवेव्हच्या मागे लागलेत. पण मायक्रोवेव्हचा नुसता उष्णतेपलीकडे काही परिणाम असतो, असं वाचलंय. जंतूंच्या पेशीच फुटतात म्हणे. रेणूंचे बंध तुटतात. तसं असेल तर सगळं पाणी उकळायची गरजच काय?

वाफाळलेला

बंध तुटायचं आधी. २.४५ गिगाहर्ट्‌झच्या एका फोटॉनची, म्हणजे लहरीच्या सगळ्यात लहान पुडक्याची, ऊर्जा इलेक्ट्रॉन-व्होल्टचा एक लाखावा भाग. कार्बन-कार्बन बंध तोडायला साडेतीन इलेक्ट्रॉन-व्होल्टच्या वर लागतात. नारळ फोडायला मोरपीस मारण्यातला प्रकार. मायक्रोवेव्हचं विद्युतक्षेत्र सेकंदाला २४५ कोटी वेळा पुढे-मागे होतं, पाण्याचा रेणू त्यामागे वळायचा प्रयत्न करतो, शेजाऱ्यांना धडकतो आणि त्यातून उष्णता होते. 'अ-औष्णिक परिणामा'वर संशोधकांची वर्षानुवर्षं भांडणं आहेत. पण पुष्कळ ठिकाणी खरी गोष्ट अशी निघते की नमुन्यातला एखादा कोपरा थर्मामीटर दाखवतो त्याहून जास्त तापलेला होता.

पेशी फुटतात हे मात्र खरं, आणि गंमत तिथेच आहे. एसटीपीतला गाळ म्हणजे बहुतेक जिवाणूच. त्यांच्याभोवती त्यांनीच सोडलेला चिकट लगदा असतो आणि तो पाणी धरून ठेवतो, भिजवलेल्या सब्जासारखा. हा लगदा आणि पेशींच्या भिंती आतून झपाट्याने तापवल्या की फुटतात, आतला माल पाण्यात विरघळतो. बायोगॅसच्या डायजेस्टरमध्ये, म्हणजे गाळ कुजवून गॅस काढायच्या बंद टाकीत, सगळ्यात रेंगाळणारी पायरी हीच, पेशी फोडणं. ती आधीच उरकली तर गॅस लवकर आणि जास्त निघतो. यावर ढिगाने संशोधन झालंय.

शंकासुर

मग करा की तसं. गॅस विका, वीज बनवा.

वाफाळलेला

करून बघू, कागदावर. मोठ्या प्लांटमधला घट्ट केलेला गाळ घ्या, ४ टक्के, एक हजार लिटर. २५ वरून ८० अंशांवर नेला. पाण्यात गेली ६४ युनिट, मीटरवर पडली ९० च्या घरात. आत ४० किलो घन, त्यातले ३० किलो सेंद्रिय धरू. किलोला ०.३ घनमीटरने ९ घनमीटर बायोगॅस. मायक्रोवेव्हने त्यात वीस टक्के भर घातली असं मानू, म्हणजे १.८ घनमीटर जास्त. घनमीटरला ६ युनिट उष्णता, मिळून ११. वीज ९० घातली, उष्णता ११ मिळाली. चार आण्याची कोंबडी आणि बारा आण्याचा मसाला.

म्हणूनच प्रत्यक्षात जे रुजलं ते वाफेचं तंत्र. नॉर्वेची कांबी कंपनी गाळ आधी १६-१७ टक्क्यांपर्यंत दाबते, मग १६५ अंशांची वाफ सोडून कुकरमध्ये ठेवल्यासारखा अर्धा तास ठेवते आणि एकदम दाब सोडते. पेशी तिथेही फुटतात. पण वाफ येते बायोगॅसच्याच इंजिनाच्या वाया जाणाऱ्या उष्णतेतून. पहिला प्लांट नॉर्वेतल्याच हामारला, १९९५-९६ च्या सुमारास. वॉशिंग्टनच्या ब्लू प्लेन्स सांडपाणी प्रकल्पात २०१५ पासून चालू आहे. यात कळीच्या गोष्टी दोन: आधी पाणी दाबून काढलं, आणि महाग विजेऐवजी फुकटची उष्णता वापरली.

कालव्यापल्याड

मी नेदरलँड्समध्ये डेल्फ्टला शिकायला होतो, त्यामुळे थोडी बाजू मायक्रोवेव्हची घेतो, नाहीतर धागा एकतर्फी होईल.

तिथल्या आयएचई डेल्फ्ट या संस्थेत दमिर ब्रजानोविच यांच्या गटात पीटर मावियू यांनी संडासच्या गाळावर मायक्रोवेव्हचं काम केलं. पैसा गेट्स फाउंडेशनचा. डोळ्यापुढे चित्र होतं निर्वासितांच्या छावण्यांचं, २०१० च्या भूकंपानंतरच्या हैतीसारख्या ठिकाणांचं. आठवड्याभरात हजारो माणसं एका मैदानावर येऊन पडतात. खड्डे खणायला जागा नसते, भूजल वर असतं, कॉलरा दाराशी उभा असतो. तिथे गाळ महिनाभर उन्हात वाळत ठेवायला वेळ कुणाकडे आहे? सुरुवातीचे प्रयोग तर घरगुती ओव्हनमध्येच झाले (सुगरणीची_सून, कान बंद करा), मग छोटं प्रायोगिक यंत्र बनवलं. जिवाणू मोजता येणार नाहीत इतके मेले, जंतांची अंडीसुद्धा निकामी झाली, आकारमान साठ टक्क्यांहून जास्त घटलं, आणि सगळं थोड्या वेळात. २०१६-१७ च्या सुमारास यावर त्यांचे लेख आले.

तिथे विजेचा हिशेब कुणी पहिला करत नाही. हिशेब असतो जागेचा, वेळेचा आणि साथीचा. ट्रकवर चढवून नेता येणारी, बटण दाबल्यावर लगेच सुरू होणारी यंत्रणा तिथे सोन्याच्या मोलाची. धायरीत कॉलऱ्याची छावणी नाही, हाच काय तो फरक.

निळी_पिशवी

अनुमोदन. मी रुग्णालयाच्या कचऱ्याचं काम बघते. आपल्याकडे जैववैद्यकीय कचऱ्याच्या २०१६ च्या नियमांत ऑटोक्लेव्हच्या (दाबाच्या वाफेने जंतू मारायच्या यंत्राच्या) जोडीला मायक्रोवेव्हलाही मान्यता आहे. पण तिथे काम आहे मारायचं, वाळवायचं नाही. प्लॅस्टिकच्या नळ्या, सिरिंजा वगैरे बारीक करून, ओलसर ठेवून तापवतात. मारायला अवघड अशा ठरावीक जिवाणूच्या बीजाणूंची पट्टी आत ठेवून ते मेले का ते तपासावं लागतं. आणि मोठे धातूचे तुकडे, कर्करोगाच्या औषधांचा कचरा, शरीराचे भाग यांना मायक्रोवेव्हची सक्त मनाई. तुमच्या गाळात धातू येतो का?

मैलामास्तर

येतो की. स्क्रीन, म्हणजे सांडपाण्याच्या तोंडाची जाळी, धड नसली तर टाचण्या, ब्लेडचे तुकडे, भांडी घासायच्या तारेचे गुंडे, काय वाट्टेल ते. एका साइटवर मंगळसूत्राची वाटी सापडली होती, ती बाईंना परत दिली.

निळी_पिशवी

मग आत ठिणग्या उडणार. कोरड्या पडलेल्या सेंद्रिय पावडरीत ठिणगी, पुढचं सांगत नाही. आणि दाराचं सील. घरगुती ओव्हनला दारापासून ५ सेंटिमीटरवर चौरस सेंटिमीटरला ५ मिलिवॅटच्या वर गळती चालत नाही. सहा किलोवॅटच्या कपाटाचं दार रोज गाळाने माखणार, तर सील तपासणार कोण आणि कशाने, हे त्या गृहस्थांकडून लेखी घ्या.

वाफाळलेला

कोरड्या पावडरीचं आणखी एक. मायक्रोवेव्ह शोषतं ते मुख्यतः पाणी. पाणी संपत आलं की गाळ लहरींना जवळजवळ पारदर्शक होतो, शेवटचे थेंब काढणं जिकिरीचं होतं आणि लहरी उलट्या फिरून मॅग्नेट्रॉनला तापवतात. पण कुठे थोडं जळून कोळसा झाला की तो कोळसा आधाशासारखा ऊर्जा खातो, आणखी तापतो, आणखी खातो. स्पेनमध्ये ओव्हिएडोच्या कोळसा संशोधन संस्थेतल्या लोकांनी याचाच उपयोग केला. गाळात मुद्दाम थोडा कोळसा मिसळायचा, तेवढ्यावर गाळ ८००-९०० अंशांपर्यंत जातो, त्यातून ज्वलनशील वायू आणि कोळसा मिळतो. कल्पना फार देखणी. पण ती प्रयोगशाळेत. तुमच्या कपाटात हेच आपोआप घडलं तर त्याला आग म्हणतात.

आणि थर पातळ हवा. २४५० ला पाण्यात लहरी दीड-दोन सेंटिमीटरपर्यंतच नीट पोचतात, क्षार असले तर त्याहून कमी. 'आतून तापवतो' हे भाकरीच्या जाडीपुरतं खरं आहे, पातेलंभर गाळाला नाही. बादली भरून ठेवली तर कडेला उकळी आणि मध्ये कोमट.

पंचगंगा

जरा अवांतर. इचलकरंजीचा आहे, घरचं प्रोसेस हाउस, म्हणजे कापड रंगवायचा कारखाना, होतं. रंगाच्या पाण्यासाठी मायक्रोवेव्ह चालेल का? आमच्याकडे रंग जात नाही हीच बोंब, नदीवरून सगळी भांडणं.

वाफाळलेला

नुसत्या मायक्रोवेव्हने रंगाचा रेणू तुटणार नाही, वर मोरपिसाचं सांगितलंच. बरोबर हायड्रोजन पेरॉक्साइड किंवा परसल्फेट घातलं तर त्यांचं विघटन लवकर होतं आणि त्यातून निघणारे आक्रमक कण रंग फोडतात. व्हँकुव्हरच्या युनिव्हर्सिटी ऑफ ब्रिटिश कोलंबियाने गाळावर मायक्रोवेव्ह आणि पेरॉक्साइड एकत्र वापरून त्यातला फॉस्फरस पाण्यात सोडवला, पुढे त्याचं स्ट्रुव्हाइट हे खत करता येतं. पण लाखो लिटर रंगाचं पाणी तापवायचं म्हटलं तर पुन्हा तीच मुद्दल. त्यापेक्षा रंग आधी ॲक्टिव्हेटेड कार्बनवर (रंग शोषणाऱ्या सच्छिद्र कोळशावर) पकडायचा आणि मायक्रोवेव्हने फक्त तो कार्बन तापवून पुन्हा ताजा करायचा. कार्बन लहरी मनापासून शोषतो, पाणी तापवावं लागत नाही. मला विचाराल तर सांडपाण्यात मायक्रोवेव्हला शोभेलशी जागा ही आहे.

पंचगंगा

हे पटलं. रंग पकडून मग भाजायचा. धन्यवाद.

धायरीफाटा

एवढं कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. समजा प्रेस दुरुस्त केली. रोज ५० किलो चिखलाची केक निघेल, तिचं काय करायचं? ती वाळवायला तरी हे कपाट घ्यावं का?

वाफाळलेला

५० किलोमधून साडेसदतीस लिटर पाणी काढलं की ८० टक्के कोरडा माल उरेल, साडेबारा किलो. मायक्रोवेव्हने ४०-४५ युनिट, दिवसाला चारशे-साडेचारशे रुपये, वर्षाला दीड लाखाच्या आसपास, मॅग्नेट्रॉन बदलायचा खर्च वेगळा. ही आकडेमोड आधीच्यासारखी हास्यास्पद नाही. जागाच नसेल तर करण्यासारखी आहे. पण पुण्यात ऊन फुकट आहे. उघड्या पाण्याची वाफ दिवसाला ४ मिलिमीटर धरा, तेवढ्या पाण्याला दहा चौरस मीटर लागतील. केक पाण्यापेक्षा हळू वाळते, म्हणून पंचवीस घ्या. वर पॉलिकार्बोनेटचं पारदर्शक छप्पर, दोन बाजू उघड्या. जुलै-ऑगस्टमध्ये थोडं साठवून ठेवावं लागेल.

मैलामास्तर

पंचवीस चौरस मीटर म्हणजे दोन गाड्यांचं पार्किंग.

दालफेकू

संपलं. गाळ राहिला बाजूला, आता रक्त सांडणार.

कालव्यापल्याड

आपल्याकडची दोन उदाहरणं बघण्यासारखी आहेत. सिन्नर आणि वाई, दोन्ही गावांत नगरपालिका सेप्टिक टाक्या ठरावीक वर्षांनी क्रमाने उपसते, तक्रार येईपर्यंत थांबत नाही. दोन्हीकडे दिवसाला ७० हजार लिटरचा मैलागाळ प्रकल्प आहे. सिन्नरला जागा होती, ऊन होतं, तिथे वाळवणीचे वाफे केले. वाईला उष्णतेची पद्धत, गाळ वाळवून हवेविना भाजतात आणि त्याच्याच उष्णतेवर पुढचा गाळ वाळतो. दोन गावं, दोन उत्तरं, जागेप्रमाणे. चेअरमनना एका रविवारी वाईला घेऊन जा. मेणवली घाट बघून येताना प्रकल्प.

सुगरणीची_सून

आणि वास? वाळवताना वास येणार नाही का? आमच्या सोसायटीत त्याच मुद्द्यावर सगळं अडेल.

मैलामास्तर

येतो, ताई. पहिले दोन दिवस केक वास मारते, वरची साल धरली की कमी होतो. खाली विटांचा चुरा, वर थोडा लाकडाचा भुसा टाकला तर बराच आटोक्यात. पण उलटं ऐका: मायक्रोवेव्हच्या कपाटातून तर एकदम सगळी वाफ निघते, तिच्यात अमोनिया आणि आंबट उग्र वास. ती थंड करून पाणी परत एसटीपीत घ्यावं लागतं, उरलेली हवा गाळणीतून सोडावी लागते. त्या साडेअकरा लाखांत हे धरलंय का?

आणि वाळवलेलं लगेच भाजीला घालू नका. बागेतल्या झाडांना, तेही काही महिने कुजवून. अमेरिकेच्या १९९३ च्या नियमात बिनधास्त वापरायच्या गाळासाठी एक मार्ग ७० अंश आणि ३० मिनिटं असा आहे. उन्हातल्या वाफ्यावर एवढं तापत नाही, जंतांची अंडी टिकून राहतात.

शंकासुर

म्हणजे मायक्रोवेव्हचा मुद्दा परत आलाच. उन्हात वाळवून कोरडा झालेला थोडासा माल शेवटी मायक्रोवेव्हमध्ये फक्त ७० अंशांवर अर्धा तास धरायचा. वाफ करायचीच नाही.

वाफाळलेला

शंकासुर, आजचं सगळ्यात शहाणं वाक्य तुमचं. फक्त पूर्ण कोरडा नको, चाळीस-पन्नास टक्के ओल असताना धरा, म्हणजे लहरी नीट शोषल्या जातील. रोजचे सतरा-वीस किलो, विजेला दोन-तीन युनिट पुरतील. अर्थात त्याच ७० अंशांसाठी साधी गरम पाण्याची दुहेरी भिंतीची टाकी निम्म्याहून कमी पैशात होईल, पण ते असो.

धायरीफाटा

तीन आठवड्यांनी परत आलो, उशीर झाला.

गृहस्थांना फोन केला, म्हटलं प्रात्यक्षिक दाखवा, आमचा वजनकाटा आणि आमचं मीटर. आधी का-कू केली, मग छोटं यंत्र घेऊन आले. मैलामास्तरांनी स्वतः येऊन आमची प्रेस नवीन कापड लावून चालवून दिली (एक पैसा घेतला नाही, फक्त ऑपरेटरला पॉली कसं विरघळवायचं ते तासभर शिकवलं आणि डब्याची जागा बदलायला लावली). तिची १० किलो केक यंत्रात घातली. बाहेर निघाली ३.१ किलो, चांगली कुरकुरीत, वास मात्र जिन्यापर्यंत. मीटरवर ८.४ युनिट.

वाफाळलेला

६.९ लिटरची मुद्दल ४.९ युनिट, घेतली ८.४. अठ्ठावन्न टक्के. यंत्र वाईट नाही हो, प्रामाणिक आहे. खोटं बोललं ते सादरीकरण.

धायरीफाटा

गृहस्थांना हेच सांगितलं. ते म्हणाले 'सर, ५०० लिटर हे टाकीचं माप आहे, दिवसाचं नाही'. प्रेझेंटेशनची पीडीएफ काढून दाखवली तर म्हणाले टायपिंगची चूक. चहा पिऊन गेले. 'जागा नसलेल्या सोसायट्यांत केकसाठी विका आणि खरे आकडे लिहा' असं मी म्हटलं, त्यावर मात्र वहीत काहीतरी लिहून घेतलं.

टँकर आता बंद आहे. केक सध्या गोणपाटावर गच्चीच्या कोपऱ्यात वाळतेय, डी विंगचं पत्र आलंच आहे. पावसाआधी छप्पर घालायचंय. पंचवीस चौरस मीटर सलग जागा मोजली तर एकच बसते, तळमजल्यावरची पी-७ आणि पी-८. पी-७ चेअरमनसाहेबांची. पी-८ माझी.

दालफेकू

सभा कधी आहे? आम्हाला लिंक पाठवा.